जुने कर्नल

रक्ततपासणीच्या खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत गेली होती. रिपोर्ट तयार होते, पण छापून निघतील तर शपथ. हॉस्पिटलचा सर्व्हर गळ्यापर्यंत भरला होता आणि आता एक ओळसुद्धा आत घ्यायला तयार नव्हता.

सर्व्हर सांभाळणारी बाई दार सताड उघडं टाकून कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलत होती. आवाज मुळातच खणखणीत.

"अहो, जुने कर्नल! सहा आहेत. काडीचं काम करत नाहीत, नुसती जागा अडवून बसलेत. नवा छान चाललाय. अडीअडचणीला जुना एक ठेवते, बाकीचे आजच काढते!"

नेमके तेव्हाच दारात व्यवस्थापक येऊन उभे होते. फौजेतून कर्नल म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळं हॉस्पिटल त्यांना कर्नलसाहेबच म्हणायचं. ते आल्या पावली परत फिरले.

थोड्या वेळाने बाई त्यांच्या खोलीत गेली, तर टेबल लख्ख रिकामं. चष्म्याचं घर, बुटांचा ब्रश, दिवंगत बायकोचा फोटो, सगळं पिशवीत गेलं होतं. बाईचं कुठे लक्ष! तिने फॉर्म पुढे सरकवला. लेखी परवानगीशिवाय काही काढायचं नाही, हा नियम साहेबांचाच.

साहेबांनी मोठ्याने वाचलं, "काढायची वस्तू, जुने कर्नल. कारण, निरुपयोगी. राखून ठेवणार, एक." त्यांनी फॉर्म खाली ठेवला. "अकरा वर्षं झाली मला इथे, मॅडम. तोंडावर सांगायचं होतंत. आणि वर सहीपण मीच करू?"

बाईने फॉर्मकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि जीभच चावली.

"अगं बाई! सर, तुम्ही नाही हो! हा कर्नल म्हणजे मशीनच्या आतला प्रोग्राम. मशीन सुरू झालं की पहिला तोच उठतो आणि बाकीच्यांना कामाला जुंपतो. नवा आला की जुना नुसता पडून असतो."

साहेबांनी फॉर्म पुन्हा वाचला. मग असे खदखदून हसले, की रांगेतली दोन माणसं आत डोकावून गेली. डोळे पुसत त्यांनी पेन उघडलं. सही करताना मात्र हात थांबला.

"एकच ठेवताय?"

"एक पुरतो, सर."

त्यांनी 'एक' खोडून 'दोन' केलं आणि सही ठोकली.

"असू द्या. एकट्याला करमत नाही."