कुटुंबाने पाहू नये

“पुढच्या अंकापासून दुसरं कुणीतरी बघा,” मास्तर म्हणाले आणि खुर्चीत बसले. उभ्यानेच सांगून निघायचं ठरवलं होतं, पण जिना चढून दम लागला होता.

पाळकसाहेबांनी मासिकाची प्रुफं बाजूला सारली. “दमलात का?”

“विटलो.”

एकोणीस वर्षं मास्तर चर्चच्या मंडळीच्या मासिकात सिनेमांवर लिहीत होते. ख्रिस्ती कुटुंबांनी मुलाबाळांसह काय पाहावं आणि काय टाळावं, हे सांगायचं त्यांचं काम. दुपारच्या खेळाला कडेची खुर्ची धरायची, मांडीवर वही घ्यायची आणि अंधारात चाचपडत खुणा करायच्या. शिव्या किती, दारू किती वेळा, मारामाऱ्या किती, चुंबनं किती. “आज किती झाली?” बायको चहा पुढे करत विचारायची. पूर्वी ते आकडा सांगायचे आणि दोघंही पोट धरून हसायची. हल्ली ते गप्पच असत. गोष्ट काय होती, असं तिने विचारलं तर त्यांना ती धड सांगताही येत नसे.

दारावर टकटक झाली. पस्तिशीची एक बाई आत आली. तिच्या हातात मासिकातून कापलेला कागद होता, घड्यांवर विरलेला.

“सिनेमांवर लिहिणारे मास्तर तुम्हीच ना? खाली म्हणाले, वर आहेत.”

तक्रार असणार, हे मास्तरांनी ओळखलं. तक्रारींचीही त्यांना सवय झाली होती. त्यांनी कागद घेतला. मजकूर त्यांचाच होता. ‘नवऱ्याने हात उगारला म्हणून मुलांना घेऊन घर सोडणारी बाई इथे नायिका आहे. ती परत जात नाही आणि तिला त्याचं काही वाटतही नाही. कुटुंबाने पाहू नये.’

“आमच्याकडे जेवणाआधी प्रार्थना व्हायची,” बाई म्हणाली. “मग माझे मिस्टर तुमचं सदर मोठ्याने वाचायचे. हेही त्यांनीच वाचलं. ‘बघा, काय काय दाखवतात हल्ली,’ म्हणाले. तेव्हा माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.”

पाळकसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“मला एवढंच ऐकू आलं की ती परत जात नाही. असं करता येतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आठवड्याभरात मुलींना घेऊन निघाले. वर्ष झालं त्याला. सगळे म्हणतात, जा परत. माझी आईसुद्धा म्हणते. मग मी हे काढून वाचते.” तिने मास्तरांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. “सिनेमा पाहायचा मला धीर होत नाही. म्हणून तुम्हालाच विचारायला आले. तिचं पुढे निभतं ना?”

‘हो’ म्हटलं की झालं होतं. मास्तरांच्या ओठांवर आलंही होतं. पण तिच्यासमोर त्यांची जीभ उचलेना.

“बाई, मी शेवट पाहिलाच नाही,” ते म्हणाले. “गुडघा ठणकत होता, जीव उबगला होता. पंधरा-वीस मिनिटं राहिली असताना उठलो. ती परत जात नाही, हे मी अंदाजाने ठोकून दिलं.”

बाईने वळून पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली.

“मी पाहिलाय,” ते हळूच म्हणाले. “मेव्हण्याकडे गेलो होतो, सगळ्यांबरोबर बसावं लागलं. शेवटी ती परत जाते. नवरा रडतो, माफी मागतो. मग सगळं गोड होतं.”

मास्तरांना मान वर करवेना.

“तेवढं पाहिलं असतं,” ते म्हणाले, “तर मी चांगलं लिहिलं असतं. कुटुंबाने जरूर पाहावा, असं.”

बाईने त्यांच्या हातून कागद काढून घेतला आणि घडीवर घडी घालून पर्समध्ये ठेवला.

“म्हणजे तुम्ही बसून राहिला असतात,” ती म्हणाली, “तर मी अजून तिथेच असते.”