राजवाड्याच्या बागेतला फोटो

आईच्या रिपोर्टमध्ये काय आलंय ते मी तिला सांगितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, फार तर तीन महिने. तेवढ्या दिवसांत छांगदॉकगुंग राजवाड्याची मागची बाग तिला एकदा दाखवून आणावी, असं मी ठरवलं.

"पुढच्या महिन्यात जाऊ," मी म्हणाले. "पानं लाल झाली की."

"मी निळा रेशमी हानबोक घालणार."

"पारंपरिक पोशाख घातला की राजवाड्यात फुकट सोडतात म्हणून? अगं, पासष्टी उलटलेल्यांना तसंही फुकटच आहे, तिकीट लागतं ते फक्त मागच्या बागेला. चढावर घेर पायात येईल तुझ्या."

"फोटोसाठी गं, उनसन. तळ्याजवळ मला एकटीला उभी कर. छातीपर्यंतच घे. आणि हसवू नकोस."

"एवढी बाग सोडून नुसता चेहरा?"

"तुझे बाबा गेले तेव्हा ऐनवेळी लायसन्सवरचा फोटो मोठा करून अंत्यविधीत ठेवला आपण. तीन दिवस माणसं येऊन त्या धुरकट तोंडापुढे वाकत होती."

आईने माझा फोन उचलून माझ्या हातात दिला.

"याच आठवड्यातली तिकिटं काढ. पानं हिरवी असली तरी चालतील."