घराण्याचं रक्त

धाकट्या सुनेचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं आणि रक्तपेढीनं बदली रक्त मागितलं. मी चारही लेक रांगेत उभे केले. विहीण तिच्या लेकाला घेऊन शेजारीच उभी होती, म्हणून पोरांना हळूच दम दिला, "काय बी विचारलं तरी नाही म्हणा. घराण्याला डाग नको."

"कावीळ झाली होती?" "नाही." "गोंदवलंय?" "नाही." शेवटी फॉर्मवाल्या बाईनं विचारलं, "स्वखुशीनं देताय ना?" थोरला छाती काढून म्हणाला, "नाही." खालचे तिघंही तसंच बोलले.

"पोरं पढवून आणलीत," म्हणत बाईनं चारही फॉर्म बाजूला सारले. मी कडाडले, "अहो, तपासून घ्या की रक्त!"

"तपासतोच, मावशी. पण नुकता लागलेला आजार तपासणीत सापडत नाही, म्हणून आधी माणसाला विचारतो. तुमचं रक्त दुसऱ्या कुणाच्या सुनेला जाईल. तुमच्या सुनेलाही असंच कुणाच्या तरी घरचं येईल."

लेकांना दम देणारी माझ्यासारखीच एखादी सासू डोळ्यांपुढं उभी राहिली.

"लिहा," मी म्हणाले. "थोरल्याला पाडव्याला कावीळ होती. दुसऱ्यानं परवा जत्रेत दंडावर माझंच नाव गोंदवलंय. तिसऱ्याला हिवतापाच्या गोळ्या चालू आहेत. चौथा, धाकट्या सुनेचा नवरा, ठणठणीत आहे, फक्त बावळट आहे. त्याचं घ्या."

विहीण पदराआड हसली. हसू दे. मी विहिणीच्या लेकाची बाही वर सारली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आता खरं सांग बाबा, तुला काय काय झालंय?"