काचेचा मनोरा

“आजपासून फासे यातून टाकायचे,” असं म्हणत तिने पिशवीतून काचेचा मनोरा काढला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

वीतभर उंच, चारी बाजूंनी काच, आत तिरप्या पायऱ्या. वरून फासा सोडला की टपटपत खाली यायचा आणि समोरच्या मखमली तबकात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत थांबायचा. फोटोंना फ्रेम करून देण्याचं तिचं दुकान होतं. उरलेल्या काचा कापून, कडा घासून, कोपऱ्याला कोपरा जुळवून ती आठवडाभर यामागे खपली होती. दिराने तोंड भरून कौतुक केलं. “वहिनी, रंगवलेले सैनिक होते, नकाशा होता, तलवारींचा खणखणाट मोबाइलवर होता. हाच एक दागिना राहिला होता बघा.”

दागिना कसला, सापळा होता तो.

खेळ तसा निरागस. दर रविवारी दुपारी चौघं जमत. तिघांनी एकेक पात्र घ्यायचं. ती तलवारबाज, दीर मांत्रिक आणि दिराच्या ओळखीची दातवाली तिरंदाज. दातवाली म्हणजे दातांच्या दवाखान्यात काम करणारी मुलगी. चौथा तिचा नवरा. तो सूत्रधार. गोष्ट तो सांगायचा, राक्षस त्याचे आणि राक्षसांचे फासेही तोच टाकायचा, तेही समोर पुठ्ठ्याचा पडदा उभा करून. वीस बाजूंचा फासा. आकडा मोठा आला तर वार बसला, लहान आला तर हुकला. आकडा कोणता पडला ते एकट्या नवऱ्याला दिसायचं.

आणि नवरा खोटं बोलत होता. याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. थाप मारायची झाली की हा माणूस चष्मा काढून पुसतो. साहेबाला ‘मला ताप आलाय’ सांगताना पुसतो, घरमालकाला ‘उद्या नक्की’ म्हणताना पुसतो. पडद्याआडही पुसायचा आणि तेही नेमका राक्षस तिच्यावर आणि दातवालीवर एकदम तुटून पडला की. दोन फासे पडायचे, एकीसाठी एक. नवरा आकडे बघायचा, चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, “दोन्ही वार हुकले.” दातवाली मान खाली घालून हसायची.

ते हसू तिला झोंबायचं. दातवाली त्याला दादा म्हणायची, पण नुसतं दादा म्हटल्याने काय सिद्ध होतं? खेळ संपल्यावर दोघं दारात कुजबुजत. ती जवळ गेली की गप्प. एकदा विचारलं तर “काही नाही गं, पुढच्या रविवारचं,” आणि पुन्हा चष्मा. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. परवा तर एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या फोटोची काच तिने दोन बोटं आखूड कापली. खेळातल्या बाईला वाचवायला जो इतक्या सहज खोटं बोलतो, तो खेळाबाहेर काय करत असेल? संसार मोडायचा असेल तर मोडू दे, पण खरं काय ते आज तिला कळायलाच हवं होतं.

नवऱ्याने मनोऱ्यावरून बोट फिरवलं. “सुंदर झालाय. पण आज राहू दे ना. आज मोठी लढाई आहे.”

“का? लपवण्यासारखं काही आहे?”

त्याने पडद्याची घडी घातली आणि खुर्चीखाली सरकवली.

गुहेच्या तोंडाशी राक्षस आला. नेहमीप्रमाणे तीच सगळ्यांच्या पुढे घुसली. ढाल तिने कधी घेतली नव्हती, गरजच पडली नव्हती. दातवाली खडकाआडून बाण मारत होती. पहिला फासा दातवालीसाठी. तो टपटपत खाली आला. तीन. वार हुकला. तिने तबकाकडे पुन्हा निरखून पाहिलं. तीनच होता, कुणाला मान्य करायचं असो वा नसो. दुसरा तिच्यासाठी. अठरा. पुढच्या फेरीतही राक्षसाचा दातवालीला धक्का लागेना आणि तिच्यावर मात्र प्रत्येक वार बसत गेला. दुपारचा चहा निवायच्या आत तिची तलवारबाज नकाशावर आडवी झाली.

“असं कसं?” ती म्हणाली. “वर्षभर मला साधा ओरखडा नव्हता.”

दीर आपला फासा बोटांत फिरवत राहिला. शेवटी दातवालीच बोलली. “ताई, मी लपून असते, मला वार लागतातच कुठे? दारात मी दादांना दर रविवारी हेच सांगायचे, ताईंना एक ढाल तरी घ्यायला लावा. किती दिवस खोटे आकडे सांगणार?”

इतके महिने ज्या खोट्याच्या मागावर ती होती ते खोटं सापडलं होतं आणि ते दातवालीसाठी नव्हतंच. लाजेने तिचे कान तापले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो आडवी पडलेली छोटी तलवारबाज हातात घेऊन बसला होता.

“बोलायचो खोटं,” तो म्हणाला. “एरवी सगळ्याला घाबरतेस तू. दुकानाबाहेर चार माणसांत तोंड उघडत नाहीस. इथे तेवढी बिनधास्त पुढे धावायचीस. तिला मारायला माझा हात धजेना.”