कंप्रेसरचं बटण

तारकर्लीच्या रस्त्यावर दाजींचं गॅरेज. तिथला हवेचा कंप्रेसर इतका जुना, की बटण दाबलं तरी मोटर नुसती घूं घूं करायची. चाकाला हाताने हिसका दिल्याशिवाय फिरायची नाही. चाक बाहेर शेडमध्ये आणि बटण घराच्या पडवीत. दाजी चाक धरून ओरडायचे, "मथुरा, दाब गो!" बायको स्वयंपाकघरातून धावत यायची, "इलंय, इलंय! हात माशांचे आसत," म्हणत कोपराने बटण दाबायची.

मथुरा गेली. एकट्याला दोन्हीकडे पुरं पडता येईना, आणि कंप्रेसर सहा महिने गंजत पडला. शेवटी दाजींनी मालवणहून विनीत मेस्त्रीला बोलावलं. त्याने पट्टा बदलला, तेल घातलं, मोटरला नवा कंडेन्सर लावला. बटण दाबताच चाक आपोआप फिरायला लागलं.

विनीत हसला. "दाजीनू, कंडेन्सर तेवढो गेल्लो. अर्ध्या तासाचा काम! चाळीस वर्षां गॅरेज चलवतास, आणि ह्या तुमका कळाक नाय?"

दाजी फिरत्या चाकाकडे बघत राहिले.

कळलं होतं, पहिल्याच दिवशी. पण मग दिवसातून दहा वेळा तिला बाहेर बोलवायला निमित्त कुठून आणायचं?