एक तारीख

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणत दादाने लॅपटॉप धाकट्या बहिणीकडे वळवला. "आई सहा वर्षं माझ्याकडे होती. तिच्या घराची वाटणी करायची तर तिच्यावरचा खर्च आधी वजा कर."

आईला जाऊन नऊ दिवस झाले होते. नऊ दिवसांत दादाला एकदाही रडू आलं नव्हतं. दात काढल्यावर गाल बधिर होतो, तसं आत सगळं झालं होतं. आकडे तेवढे नीट दिसत होते.

हिशेबात दादा मोठा काटेकोर. बँकेतले व्यवहार या प्रोग्राममध्ये आपोआप येत आणि दर रविवारी तो एकेक व्यवहार त्याच्या त्याच्या खात्यात टाकायचा. त्याने शोधाच्या चौकटीत ‘आई’ टाइप केलं, सहा वर्षांपूर्वीची तारीख निवडली आणि तो खुर्चीत मागे रेलला.

झरझर ओळी आल्या. सगळ्या हिरव्या. हिरवी म्हणजे जमा. दर एक तारखेला आईच्या पेन्शनमधून त्याच्याकडे ठरलेली रक्कम. "घरखर्चाला असू दे रे," म्हणून तिने आल्या आल्याच बँकेत तशी सोय करून ठेवली होती. पुढे ते त्याच्या अंगवळणी पडलं.

"आणि खर्च?" बहिणीने विचारलं.

खर्चापुढे शून्य होतं. औषधं, डॉक्टर, काठी, सगळं त्याने ‘किरकोळ’मध्ये टाकलं होतं, पेट्रोल आणि दाढीच्या सामानाबरोबर. आईच्या नावाचं खर्चाचं खातं त्याने कधी उघडलंच नव्हतं.

"फिल्टर चुकलाय बहुतेक," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा टाइप केलं. पुन्हा त्याच ओळी. लाज वाटायला हवी, हे त्याला कळत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं.

बहीण पुढे वाकली. सगळ्यात वरच्या ओळीवर तिने बोट ठेवलं. तारीख याच महिन्याची होती, एक. आईला जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते.

"बँकेला कळवलंस का रे?"

"राहिलंय."

तिने पर्स उचलली, चपला घातल्या. वाटणीचं काही बोलली नाही. दारात मात्र थांबली.

"पुढच्या एक तारखेच्या आत कळव, दादा. नाहीतर ती देतच राहील."