बस रिकामी आहे

“हा तुमचाच कागद ना?” मॅडमनी विचारलं. शाळेच्या बसचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. कागदावर रोजच्या तारखेपुढे ‘बस शेवटपर्यंत तपासली’ असं छापलेलं होतं, आणि त्यापुढे बसमधली बाई म्हणून तिची सही.

“हो,” ती म्हणाली. मॅडमनी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला होता. बसमध्ये कॅमेरा बसवल्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

नियम साधा होता. शाळेपाशी पोरं उतरली की बसमधल्या बाईने मागपर्यंत जायचं, एकेका सीटखाली वाकून बघायचं, मगच सही. पण दोन महिने झाले, ती मागे गेलीच नव्हती. पहाटे उठून घरचं उरकायचं, बसच्या दोन फेऱ्या, संध्याकाळी एका दवाखान्यात लादी पुसायची. गुडघे पार कामातून गेले होते. पुढूनच “कोणी राहिलं का रे?” असं ओरडायची, सही ठोकायची आणि पोरांची रांग घेऊन फाटकाकडे निघायची. एखादं पोर आत राहिलं तर? विचार यायचा, पण दमलेलं माणूस तोही झटकून टाकतं. आता नोकरी गेलीच म्हणायची. आणि नोकरीमुळे लेकीची फी माफ होती, तीही.

लेक नववीत, याच बसला. वर्षाच्या सुरुवातीलाच तिने बजावलं होतं, “बसमध्ये माझ्याशी बोलायचं नाहीस.” बरं बाई, नाही बोलत. मग एक दिवस पुढची जागा सोडून ती थेट शेवटच्या सीटवर जाऊन बसायला लागली. उतरायचीही सगळ्यांच्या मागून. रांग फाटकापाशी पोचली तरी हिचा पत्ता नाही. आईबरोबर कोणी बघायला नको, दुसरं काय! तिला फार लागलं होतं ते. पण भांडायला तरी अंगात त्राण हवं ना.

पडद्यावर पोरं भराभर उतरली. मागे एकटी लेक उरली. तिने दप्तर पाठीला अडकवलं आणि एकेका सीटखाली वाकत पुढे यायला लागली. कोणाची तरी पाण्याची बाटली उचलली. मध्येच एका सीटवर एक चिमुरडा झोपला होता. त्याला उठवलं, आपल्याच बाहीने त्याची लाळ पुसली आणि हाताला धरून उतरवलं.

“रोज हेच चाललंय. कोण ही?”

बसमध्ये ओळख दाखवायची नाही, असं ठरलं होतं. “असेल कोणी नववीतली,” ती म्हणाली. “मी नाही ओळखत.”

मॅडमनी कॉम्प्युटर परत आपल्याकडे वळवला.

“उद्यापासून मागपर्यंत तुम्ही जायचं. पुन्हा चुकलात तर माझ्या हातात काही राहणार नाही. आणि ओळखत नाही वगैरे मला सांगू नका. सकाळीच बोलावलं होतं तिला. एकदा डबा विसरला म्हणून परत चढली, तर एक पोर आत झोपलेलं. तेव्हापासून मागे बसते. मी म्हटलं, अगं, मग आईला सांगायचं नाही का?”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘कशाला? आधीच तिला झोप मिळत नाही.’”